गांडुळाची आठ हृदयं आणि भाऊजींचं सुटलेलं औत

राजुरी, ता. जुन्नर
सोमवार, १४ डिसेंबर १९९८

तीर्थरूप वन्सं,

तुमच्या पायांवर डोकं टेकवून (गुडघा वाकत नाही म्हणून मनातल्या मनात) कुमुदचा नमस्कार. घोडेगावला थंडी कितपत पडली? तुमची पहाटेची ढास थांबली का? ज्येष्ठमध तोंडात धरता की अजून डबीतच जपून ठेवलंय? इकडे सगळी ठीक आहेत, म्हणजे दुखणं असं कुणालाच नाही. तरीही ह्या घरात गेले सहा दिवस कुणी धड टेकलेलं नाही. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. दोन ओळी झाल्या की उठते, मागच्या दारी जाते, कांद्याचं रोप बघते आणि परत येते. रोप तिथंच असतं. तुमच्या दोन भावांपैकी थोरले, आमचे धर्माजी भाऊजी, तेही तिथंच बांधावर असतात, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी फोनच करणार होते, पण आळेफाट्याच्या बूथवर आपण काय बोलतो ते मागची सगळी रांग ऐकते, आणि ह्या बाबतीत रांगेनं आधीच गरजेपेक्षा जास्त ऐकलंय.

थोडक्यात सांगते (तुम्ही म्हणाल, कुमुद आणि थोडक्यात). भाऊजींनी औत सोडलंय. मागचं दोन एकर रान निम्मं नांगरलेलं, निम्मं तसंच, आणि बैल सहा दिवस गोठ्यात बसून माजायला लागलेत. रोप आठ आठवड्यांचं झालं. कालव्याला पाणी बावीस तारखेपर्यंत आहे, त्यापुढचं पाणी कधी ते पाटकरीही सांगत नाही. तोवर लागण झाली नाही तर रोप उपटून बांधावर टाकायचं आणि उन्हाळ्यापर्यंत उघड्या रानाकडे बघत बसायचं. आणि ह्या सगळ्याला कारण मी. म्हणजे मी आणि गांडूळ. पण गांडूळ बिचारं निमित्त, तेव्हा मीच.

तुम्हाला पंचमीच्या वेळी कळवलंच होतं की ओतूरच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या बाई बाळंतपणाला गेल्या आणि प्राचार्यांना कुणीतरी सांगितलं, राजुरीत एक म्हातारी आहे, तिनं चौसष्ट साली पुण्याला झूलॉजी घेऊन बी.एस्सी. केलंय. चौतीस वर्षं त्या पदवीचा उपयोग मी फक्त कल्ले उघडून मासा ताजा आहे का ते बघण्यापुरता केला होता (आमच्या चुलीसाठी, माळकरी भाऊजींच्या नव्हे). तरी हो म्हटलं. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर चाळीस पोरं धाडकन उभी राहिली आणि "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणाली. वन्सं, त्या दिवशी मी एसटीत उभ्यानं आले तरी पाय दुखले नाहीत.

अभ्यासक्रमात प्राण्यांचे गट आले. कुणाच्या शरीराची मांडणी कशी, कुणाचं रक्त कसं फिरतं, हे सगळं. पुस्तक उघडलं आणि मला आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनेडिक्टाच आठवायला लागल्या. त्या म्हणायच्या, प्राणी समजून घ्यायचा तर आधी त्याच्या घराचा नकाशा बघा. हायड्रा म्हणजे एकच दार असलेली खोली. पाहुणा त्याच दारानं आत आणि केरही त्याच दारानं बाहेर. तारामासा म्हणजे गोल घर, पाच पाख्यांचं, त्याला पुढचं-मागचं काही नाही, आणि आत रक्ताऐवजी समुद्राचंच पाणी खेळवलेलं. गांडुळाला मात्र पुढचं दार, मागचं दार आणि मधे शंभरावर खण, सगळे सारखे. आपल्या पाठीतून मज्जारज्जू जातो आणि काळीज पुढच्या अंगाला. गांडूळ नि झुरळ ह्यांचं बरोबर उलटं, काळीज पाठीशी आणि मज्जारज्जू पोटाशी. (हे शिकल्यावर आमच्या वर्गातली एक मुलगी चप्पल मारण्याआधी झुरळ पालथं आहे की उताणं ते बघायची, तोवर झुरळ पसार.) सिस्टरांकडे दोन खडू असत, शुद्ध रक्ताला तांबडा आणि अशुद्ध रक्ताला निळा. आपल्या अंगात निम्मं रक्त खरंच निळं आहे असं मी चौदाव्या वर्षापर्यंत धरून चालले होते, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला थोडा ताठाही होता. प्रयोगशाळेच्या खिडकीशी बुचाचं झाड होतं. फुलं पडायची ती थेट स्पिरिटच्या बरण्यांच्या झाकणांवर. आजही स्पिरिटचा वास आला की मला मागोमाग बुचाचा वास येतो, आणि आजूबाजूला बुचाचं झाड नसतंच.

(उठून आले. भाऊजी बांधावरच. आता त्यांच्याजवळ भजनातला बहिरू येऊन बसलाय, म्हणजे आज दिवेलागणीपर्यंत हलत नाहीत.)

तर मी धडा आदल्या संध्याकाळी ओट्यावर मोठ्यानं म्हणून बघायची, इतक्या वर्षांनी जिभेला वळण लागावं म्हणून. भाऊजी खाली बसून दावं वळत असायचे. त्यांना समजावं म्हणून मी उदाहरण शेतीचं घेतलं, आणि वन्सं, तिथंच माझं चुकलं, कारण उदाहरण फार चांगलं साधलं. मी म्हटलं, झुरळाच्या अंगात रक्त म्हणजे मोकाट पाणी. काळीज आहे, तेरा कप्प्यांचं आहे, पण ते नुसतं पुढे ढकलतं. पुढे नळ्या नाहीत, सगळं रान भिजतं तसं आतलं सगळं त्या रक्तात भिजत पडतं. ते रक्तही तांबडं नाही, पाण्यासारखं. खेकड्याचं जवळजवळ तसंच, जरा निळसर. पण गांडूळ बघा, त्याचं रक्त तांबडं, तुमच्याआमच्यासारखं, आणि सगळं बंद नळ्यांतून. पाठीच्या नळीतून पुढे जातं, पोटाच्या नळीतून मागे येतं, एक थेंब बाहेर सांडत नाही. भाऊजींनी दावं खाली ठेवलं. म्हणाले, "म्हंजी गांडुळाला देवानं ठिबक दिलं, आन आमी आजून पाटाच्या पाण्यावर." मी खूष झाले. चाळीस पोरांना दुसऱ्या दिवशी वर्गात जे दोन तासांत कळलं नाही ते ह्यांना एका वाक्यात कळलं होतं. मग काय, माशाच्या काळजाचे दोन कप्पे, बेडकाचे तीन, सरड्याचे साडेतीन म्हणावे असे, मगरीचे नि आपले चार, असं मी त्यांना ओळीनं चढवत नेलं. मगरीला चार नि बेडकाला तीन हे त्यांना पटलं नाही. बेडूक तिच्यापेक्षा बरा, असं त्यांचं मत.

पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक होतं. गांडुळं लागणार होती. ती आपल्या मागल्या रानाइतकी जुन्नर तालुक्यात कुठं नसतील, कारण भाऊजी शेणखताशिवाय काही घालत नाहीत. मी मागितली, त्यांनी बादलीभर काढून दिली, आणि ओतूरचा बाजार होता म्हणून बादली उचलून बरोबरही आले. माझ्या मनाला शंकाही आली नाही. मला वाटलं, मोठे दीर माझी बादली वाहताहेत ह्याचीच काय ती लोकांत चर्चा होईल.

प्रयोगशाळेच्या दारात ते पागोटं सावरून उभे राहिले. पोरांनी त्यांना स्टूल दिलं. मी एक गांडूळ गुंगीच्या पाण्यात घातलं, ताटलीत मेणावर टाचण्यांनी बसवलं आणि पाठीवरून कापलं. सिस्टरांचा हात आठवत कापलं, आणि इतकं सुरेख कापलं गेलं की मीच क्षणभर बघत राहिले. पाठीची नळी लालभडक, आणि ती हलत होती. मागून पुढे, मागून पुढे, सावकाश. हर्षाली नावाची एक चुणचुणीत मुलगी आहे, ती म्हणाली, "आजोबा, या ना, भिंगातून बघा." आजोबा आले. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले.

"हे हालतंय, मास्तरीणबाई."

मी म्हटलं, "हो भाऊजी. ते काळजाचंच काम चाललंय. आणि खाली बघा, हृदयांच्या चार जोड्या आहेत. म्हणजे आठ."

"आठ," ते म्हणाले. "आपल्याला येक सांभाळता सांभाळता जीव जातुय. आन ह्या बापड्याला आठ." मग त्यांनी भिंग हर्षालीच्या हातात दिलं आणि बाजार न करताच घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी औत धरलं. तिसऱ्या तासाला, म्हणजे नांगराच्या तिसऱ्या रेघेला, फाळाखाली एक गांडूळ आलं. आजवर लाखांनी आली असतील, पण हे त्यांनी उचलून हातावर घेतलं. तांबडं लागलं हाताला. बैल सोडले, जू उतरवलं आणि बांधावर जाऊन बसले. आणि बसल्या बसल्या त्यांनी जे सांगितलं त्याच्यापुढे कुणाचं चालेना. तुम्हाला आठवतंय ना, शहाऐंशी साली सासूबाई गेल्यावर तेराव्याला तुम्ही तुमच्या हातानं भाऊजींच्या गळ्यात तुळशीची माळ घातलीत आणि म्हणालात, "धर्मा, लाल रगत ज्याच्या अंगात हाय त्याच्या जिवाला धक्का लावायचा न्हाई." तुमच्या मनात कोंबडी-बकरी असणार. आमच्याही मनात तेच होतं. बारा वर्षं त्यांनी तेवढंच पाळलं, कारण गांडुळाला लाल रक्त असतं हे त्यांना सांगायला मी तोवर नोकरीला लागले नव्हते.

सरूबाईंनी, म्हणजे आमच्या जाऊबाईंनी, पहिले दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "कुमुद, तू शिकविलंस त्ये झ्याक शिकविलंस. आता न शिकविल्यागत कर." मी खरोखर प्रयत्न केला. बांधावर गेले. गावात सगळे म्हणतातच की गांडूळ तुटलं तरी दोन्ही तुकडे जगतात. तेवढं मी होय म्हटलं असतं तरी बैल संध्याकाळच्या आत जुंपले गेले असते. भाऊजींनी सरळ विचारलं, "मास्तरीणबाई, दोनी जगत्यात का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "पुढचा तुकडा कधीकधी जगतो. मागचा मरतो." हे त्या कॉन्व्हेंटचं फळ. तिथं आम्हाला इंग्रजी, भरतकाम आणि खरं बोलणं शिकवलं. पैकी पहिल्या दोहोंचा मला राजुरीत कधी त्रास झाला नाही.

मग मी दुसऱ्या बाजूनं गेले. म्हटलं, भाऊजी, असं बघायला गेलं तर जीव कशात नाही? तुम्ही डास मारता, त्यालाही रक्त आहेच, फक्त लाल नाही. ते म्हणाले, "मग लाल न्हाई ना? आक्कानं लाल म्हनलं व्हतं. डासाच्या अंगातलं लाल माझंच, त्ये मी परत घेतो." ह्यावर तुमचे धाकटे बंधू, म्हणजे आमचे हे, वर्तमानपत्राआडून हसले. गेल्या सहा दिवसांत त्यांनी केलेली एवढीच मदत.

आणि बहिरूचं सांगायचं राहिलंच. तुम्ही ओळखता त्याला, भजनात टाळ धरतो तो, भाऊजींच्याच बरोबरीनं माळ घातलेली. पूर्वी कालव्याच्या कडेला बसून एकटा पंचवीस खेकडे संपवायचा. त्यानं डासाचा निकाल ऐकला, दोन दिवस विचार केला आणि परवा संध्याकाळी अंघोळ करून, टोपी घालून माझ्याकडे आला. म्हणाला, "वैनी, खेकड्याचं काय म्हनला व्हता तुमी ओट्यावर?" मी म्हटलं, रक्त आहे, पण लाल नाही, निळसर आहे. "निळं म्हंजी रगतच न्हाई. निळी शाई काय रगत व्हय?" मी पुष्कळ समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "तेवडं कालिजच्या कागदावर लिवून द्या. सही-शिक्क्यानिशी. भजनी मंडळाला दाखवाया लागंल." मी दिलं नाही. पण काल त्याच्या घरावरून जाताना लसणाचा आणि काळ्या मसाल्याचा वास येत होता, आणि भजनाला तो फार खुल्या आवाजात गायला असं भाऊजीच म्हणाले. त्यांनी बहिरूला बोल लावला नाही. नियम म्हणजे नियम. बहिरूचा नियम त्याला खेकडा देतो आणि ह्यांचा नियम ह्यांचं रान अडवतो, तर ते ज्याचं त्याचं नशीब, असं म्हणून परत बांधावर जाऊन बसले.

त्यांचा हट्ट असता तर मी भांडले असते. पण वन्सं, काल संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर त्यांचे डोळे भरलेले होते. रोपाकडे बघून म्हणाले, "ह्ये बी माझंच लेकरू हाय. पर त्याच्यापायी किती आठ-आठ बंद पाडू?"  रोपाच्या माना काठ्यांसारख्या जाड व्हायला लागल्यात. मला घरात बसवत नाही आणि रानातही बसवत नाही. परवा एसटीतून ओतूर गाठेपर्यंत प्रत्येक थांब्यावर मला वाटत होतं, उतरावं आणि परत जावं.

म्हणून हात जोडून विनंती. येत्या रविवारी तुम्ही या. माळ तुम्ही घातलीत, शब्द तुमचा आहे, तो तुम्हीच मोकळा करू शकता. "धर्मा, मी कोंबडी-बकरीचं म्हटलं होतं," एवढं एकच वाक्य बोला. मी आळेफाट्यावर घ्यायला येते. गुडघ्याची काळजी करू नका, माझा हात धरून या.

आणखी काय लिहू? लहानमोठ्यांना आठवण सांगा. उत्तराऐवजी तुम्हीच याव्यात अशी वाट बघणारी,

तुमची
कुमुद

ता. क. (गुरुवार, १७ तारीख) पत्र टाकायला पोस्टापर्यंत तीनदा गेले आणि तीनदा घेऊन परत आले, काहीतरी चुकीचं लिहिलंय असं वाटून. तोवर इकडे वेगळंच घडलं. परवा सकाळी सरूबाईंनी कासोटा घातला, गोठ्यातून बैल काढले आणि स्वतः औत जुंपलं. बाईनं औत धरायचं नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. आजूबाजूच्या रानातली माणसं कामं टाकून बांधावर उभी राहिली. भाऊजी धावत गेले, "अगं, इपरीत करू नगंस." त्या थांबल्याही नाहीत. म्हणाल्या, "माळ तुमच्या गळ्यात हाय. माझा गळा मोकळा हाय. सरका बाजूला." आणि बैलांना हाकारा घातला.

आता त्यांनी जन्मात औत धरलेलं नाही, तेव्हा तास जे गेलं ते नागमोडी. पाप भाऊजींनी सहन केलं असतं, पण वाकडं तास त्यांना बघवेना. "उजवीकडं दाब. हातातल्या रुमण्याव वजन टाक." "यवडं कळतंय तर धरा की," सरूबाई म्हणाल्या. औत त्यांनी धरलं नाही. पण बादली आणली आणि बैलांच्या पुढं चालायला लागले, वाकून, हातानं ढेकूळ उकरून गांडूळ वेचत आणि मान मागे वळवून बायकोला औत शिकवत. दुपारनंतर बहिरूही दुसरी बादली घेऊन आला (पोटात खेकडे होते, त्यामुळे उत्साह पुष्कळ). दोन दिवसांत उरलेलं सगळं रान झालं. बांधावर हसायला आलेली माणसं शेवटी वेचू लागली. आज वाफे भिजले, उद्या लागण. पाच बादल्या गांडुळं परसातल्या उकिरड्याशेजारी नव्या खड्ड्यात सोडलीत, वर गोणपाट. तेव्हा तुम्ही रविवारी मुद्दाम येण्याचं कारण राहिलं नाही. आलात तर आनंदच.

ता. क. दुसरा. वन्सं, मी खरं बोलते असं वर लिहिलंय म्हणून हेही लिहिते. हे पत्र पहिल्यांदा लिहायला घेतलं तेव्हा मला वेगळंच मागायचं होतं, आणि ते मागायची लाज वाटली म्हणून मी दोनदा फाडलं. एकोणतीस तारखेला माझ्या चाळीस पोरांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. प्रत्येकी एक गांडूळ लागतं. ते झालं नाही तर प्राचार्य जूनपासून दुसरं कुणी बघतील, आणि मला परत "मॅडम" कोण म्हणणार? गावात आता मला कुणी गांडूळ देत नाही. मला बघितलं की पोरं बादलीवर झाकण ठेवतात. खड्ड्याशी भाऊजी खाट टाकून बसलेत. तर तुमच्या परड्यातली, केळीच्या बुंध्याजवळची, चांगली वीतभर लांबीची चाळीस गांडुळं (एखाददुसरं जास्तच घाला) ओल्या मातीत घालून, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून, राजुरीवरून जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे द्या. आत काय आहे विचारलं तर अळूचे कंद म्हणा. हे खोटं आहे, पण ते तुम्ही बोलायचंय, मी नव्हे.

ता. क. तिसरा. डबा शनिवारच्या, सव्वीस तारखेच्या आत निघालाच पाहिजे. सत्तावीसच्या रविवारी भाऊजी स्वतः तुमच्याकडे यायचं म्हणताहेत. आक्काच्या परड्यात तिचा गडी रोज कुदळ मारतो, त्याला जरा समजावून सांगतो, असं म्हणाले. रिकामी बादली आत्ताच घासून उन्हात पालथी घातलीय.